सावडीचं जेवण

इंडियानापोलिस,
१५ एप्रिल १९२३

प्रिय आल्मे,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आत्ता उत्तर लिहितेय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

डॉक्टरांनी मला पलंगाला खिळवून ठेवलंय. जूनअखेर बाळ येईल म्हणतात. आधीची दोन गेली, त्यामुळे या खेपेला जिना उतरायचीसुद्धा बंदी. थॅडिअस टपाल कचेरीतून दमून येतो आणि स्वयंपाक करतो. त्याच्या रश्श्याकडे बघून सासूबाई देवाचं नाव घेतात, आणि मग मुकाट्यानं खातात.

माझा जीव अडकलाय तो बाबांत. आई गेल्यापासून त्या घरात एकटेच. "इकडे या" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "शहरात कोंबडा आरवला तर शेजारी तक्रार करतात म्हणे, तिथे मी काय करू?" आमच्या गिल्यम वस्तीत आता म्हातारीच उरली आहेत. तरुण पोरं सगळी शहरातल्या कारखान्यांत. म्हणून तुला हक्कानं सांगते, येता-जाता बाबांकडे डोकावत जा. तुमच्या कुंपणापासून आमचं स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर आहे. शाळेत तुझी सगळी गणितं मी सोडवली, त्याची परतफेड समज.

आणखी एक. मागच्या शनिवारी आमच्या रस्त्यावरून पांढरे झगे घालून, तोंडं झाकून माणसांची रीघ लागली होती. क्लॅनवाले, गोऱ्यांचंच राज्य हवं म्हणणारे. पुढे बँड, मागे बायका, बाबागाड्यांत पोरं. आम्ही काळी माणसं पडदे ओढून बसलो. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. तुमच्याकडे ही साथ पोचली नाही ना?

तुझी,
झेला

*

लिक स्प्रिंग,
२ मे १९२३

प्रिय झेला,

शिव्या घालून झाल्या होत्याच. काल तुझ्या बाबांकडे, एन्सिलकाकांकडे, गेले होते. माझा केक खाल्ला आणि म्हणाले, "आल्मेडा, तुझ्या आईच्या हाताला चव होती." म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. गहूही छान आलाय त्यांचा. आमच्यापेक्षा चांगला, हे लिंडलीला सांगू नकोस, नवरे अशा गोष्टी मनाला लावून घेतात.

आणि साथ काय म्हणतेस ग! मागच्या पंधरवड्यात ते आमच्या प्रार्थनाघरात आले. आम्हा क्वेकरांची प्रार्थना तुला ठाऊकच आहे, सगळे गप्प बसून देवाची वाट बघतात. तेवढ्यात दार उघडलं आणि दहा-बारा झगे आत. मार्था आत्याला वाटलं, ज्याची वाट बघत होतो तोच आला. त्यांनी एक झेंडा आणि गळक्या छपरासाठी पैशांचं पाकीट ठेवलं आणि न बोलता गेले. मग मैदानावर व्याख्यान झालं. सगळं गाव लोटलं होतं, आइस्क्रीमही होतं. वक्ता मेथॉडिस्ट पाद्री, फार सुंदर बोलला. म्हणाला, आपल्याकडच्या यादवी युद्धानंतर दक्षिणेत अंदाधुंदी माजली होती, तेव्हा काही तरुणांनी गंमत म्हणून झगे चढवले, भुतं बनून गुंडांना पळवलं आणि बायाबापड्यांची अब्रू राखली. आता पोपची माणसं शाळा बळकावायला बसली आहेत, ज्यूंनी बाजार खाल्ला, बोटी भरभरून परकी माणसं उतरतायत, म्हणून त्या शूरांचा वारसा पुन्हा उभा राहिलाय. शंभर टक्के अमेरिकन माणसांनी एक व्हावं. तुमच्या लोकांबद्दल म्हणाला, "आमचा काळ्यांवर राग नाही. देवानं ज्याला जिथे ठेवलंय तिथे त्यानं राहावं, एवढंच." ते ऐकून मला हायसं वाटलं, कारण एन्सिलकाका तर होते तिथेच आहेत.

लिंडलीला विचारलं तर तो म्हणतो, चार दिवसांचं खूळ आहे. तू काळजी करू नकोस, बाळाला ते बाधतं.

तुझी,
आल्मेडा

*

इंडियानापोलिस,
१३ मे १९२३

प्रिय आल्मे,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवायला नको होतं. "गंमत म्हणून" या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं.

त्या टेनेसीच्या. नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी आणि आणखी चौघांनी लाकडं तोडून शाळा उभारली होती. सासूबाईंना अक्षरं यायला लागली होती. एकदा झगेवाले घोड्यांवरून आले आणि म्हणाले, आम्ही युद्धात मेलेले सैनिक आहोत, तहान लागलीय. सासूबाईंच्या वडिलांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या अंगाला दारूचा वास येत नाही, साहेब." त्या विनोदासाठी त्यांना पोरांसमोर चाबकानं मारलं. मग शाळा पेटवली. निवडणूक आली तेव्हा मत द्यायला आमच्या लोकांपैकी कुणीच गेलं नाही, आणि झगे नेमके कशासाठी होते ते सगळ्यांना कळलं. सासूबाई म्हणाल्या, "त्या पाद्रीबुवांना सांग, हल्ली ते क्रूस जाळतात म्हणे. तेव्हा क्रूस नव्हते जाळत. शाळा जाळत होते."

तुला हे ठाऊक नव्हतं हे मी मान्य करते. पण तुझे आणि माझे पणजोबा नॉर्थ कॅरोलायनातून एकाच गाड्यांच्या तांड्यात आले. पळून आलेल्या गुलामांना तुमच्या लोकांनी तळघरात लपवलं, आमच्या लोकांनी पुढच्या गावी पोचवलं. हे सांगत-ऐकत आपण दोघी मोठ्या झालो ना? मग आता सरळ विचारते, सरळ सांग. लिंडली त्यांच्यात आहे का?

झेला

*

लिक स्प्रिंग,
१० जून १९२३

प्रिय झेला,

तुझ्या सासूबाईंचं वाचून मी रडले. पण ते टेनेसीत झालं, आणि पन्नास वर्षांपूर्वी. इथली माणसं तुला माहीत आहेत. हायरम मेसी, जो आजही मेलेल्या गाईसाठी रडतो, तो कुणाला चाबूक मारणार आहे? लिंडलीचं विचारतेस, तर पुरुष संध्याकाळी कुठे जातात ते मी विचारत नाही आणि तो सांगत नाही. आपल्या दोघींत हे आणू नकोस. हात जोडते.

चांगली बातमी ऐक. मळणीच्या सावडीचा क्रम लागला, यंत्र घेऊन सगळ्यांनी कधी कुणाच्या शेतावर राबायचं ते ठरलं. दरवर्षीप्रमाणे मेसींच्या शेतानंतर तुमचं शेत. लिंडलीनं स्वतः फाटकाशी जाऊन काकांना गुरुवार सांगितला. काका आत्तापासून कामाला लागलेत. "मेसींकडे मागच्या वर्षी कोंबडी वातड होती," असं मला कुजबुजून सांगितलं, जसं काही ते सरकारी गुपितच आहे. वीसेक माणसांचं जेवण आहे, आणि तुझी आई गेल्यापासून मी येतेच मदतीला. यंदाही पहाटे येईन. माझ्यावर सोपव आणि स्वस्थ पडून राहा.

तुझी,
आल्मेडा

*

इंडियानापोलिस,
५ जुलै १९२३

प्रिय आल्मे,

मुलगी झाली! धडधाकट आहे, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरची माणसं झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. आईचं नाव ठेवलं, व्हेस्टा. थॅडिअस तिला धरतो तो काचसामान धरल्यासारखा.

गेल्या पत्रात मी टोचून लिहिलं, मनात ठेवू नकोस. झोप नसते, भीती वाटते आणि जवळच्या माणसावरच राग निघतो. बाबांचं पत्र आलंय. चार ओळी नातीबद्दल आणि दोन पानं मळणीच्या जेवणाबद्दल! हॅमच्या दोन तंगड्या घेतल्यात, आईची मोठी ताटं काढून घासलीत. वर्षभर हा माणूस उकडलेली अंडी खाऊन जगतो, पण सावडीच्या दिवशी त्याच्या टेबलाला कुणी नाव ठेवता कामा नये. त्यांच्यासाठी तो नुसता गहू नाही, तुला कळतं. त्या दिवशी सगळं गाव त्यांच्या झाडाखाली बसतं.

तू आहेस म्हणून मी इथे निवांत आहे. सगळं कसं झालं ते सविस्तर कळव.

तुझीच,
झेला

*

लिक स्प्रिंग,
१६ जुलै १९२३

प्रिय झेला,

व्हेस्टाला माझे पापे. टोपरं विणतेय.

इकडे पावसानं सगळं लांबलंय. यंत्राचाही पट्टा तुटला होता. तुमच्याकडचं अजून व्हायचंय, महिनाअखेरपर्यंत होईल बहुतेक. काका बरे आहेत. घाईत आहे, पुन्हा लिहिते.

आल्मेडा

*

गिल्यम वस्ती,
२१ जुलै १९२३

झेली बाळा,

पोरीचा फोटो मिळाला. नाक माझं आहे. माझ्या वतीनं तिची क्षमा माग.

मळणी कशी झाली म्हणून विचारलंस. झाली नाही. आल्मेडानं कळवलं असेल असं मी धरून चाललो होतो, पण तुझ्या पत्रावरून तसं दिसत नाही. तेव्हा मीच लिहितो. तू बाळंतीण आहेस, रडत बसू नकोस.

गेल्या आठवड्यातला गुरुवार आपला होता. वस्तीतली फ्लॉसी आणि तिची बहीण दोन दिवस माझ्याकडे राबल्या. हॅम, तळायच्या कोंबड्या, कुस्करलेले बटाटे, शेंगा, बीटाचं लोणचं, मक्याची भाकरी. झाडाखाली हात धुवायला घंगाळी मांडली, फांद्यांवर धुतलेले टॉवेल टाकले. आल्मेडा पहाटे येणार होती. उन्हं वर आली तरी आली नाही, तेव्हाच मला कळलं. फ्लॉसीलाही कळलं असावं. म्हणाली, "एन्सिल, कोंबड्या तळू का थांबू?" मी म्हटलं, तळ. ते आले असते आणि टेबल रिकामं असतं तर नाचक्की आपली झाली असती.

मग इंजिनाची शिट्टी झाली. रस्त्यावरून यंत्र येताना दिसलं तसा मी जाऊन फाटक सताड उघडलं. लिंडली इंजिनावर होता. मी नेहमीसारखा हात केला. इंजिन थांबलं नाही. मागोमाग गाड्या गेल्या, सगळी आपलीच माणसं. हायरमच्या पोराला मी पोहायला शिकवलं होतं. त्यानं मला बघून टोपी काढली, आणि बापानं काहीतरी म्हटल्यावर पुन्हा घातली. बाकीचे घोड्यांच्या कानांकडे बघत होते. इतके दिवस मी झग्यांना भीत होतो, झेली. त्या दिवशी कुणी झगा घातला नव्हता. तोंडं उघडी होती, आणि एकेकाचं नाव मला पाठ होतं.

दुपारी आम्ही तिघं जेवलो. फ्लॉसी रडत होती, मी तिला म्हटलं, कोंबडीत मीठ आधीच पुरेसं आहे. उरलेलं वस्तीतल्या घरोघर पोचवलं.

आता गव्हाचं बघायला हवं. पेंढ्या थोड्या थोड्या कोठारात आणतोय. माझे आजोबा काठीनं झोडपून मळायचे, मलाही ते येतं. तू येऊ नकोस, पोर लहान आहे. आणि आल्मेडाला वाईटसाईट लिहू नकोस. तिला त्याच घरात दिवस काढायचे आहेत.

तुझे,
बाबा

*

इंडियानापोलिस,
२५ जुलै १९२३

आल्मेडा,

बाबांचं पत्र आलं. तुझा पाऊस आणि तुझा तुटका पट्टा मी पुन्हा वाचला.

तुला वाईट लिहू नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून एकच विचारते. त्या गुरुवारी सकाळी तू कुठे होतीस?

झेला

*

लिक स्प्रिंग,
२ ऑगस्ट १९२३

प्रिय झेला,

स्वयंपाकघरात होते. केक टोपलीत भरलेले होते, डोक्यावर टोपी होती. लिंडली दारात उभा राहिला. म्हणाला, "तू गेलीस तर उद्या आपल्या शेतावरही यंत्र येणार नाही." यंत्रात आमचा वाटा आहे, पण माणसं सगळी त्यांची. क्लॅनच्या बैठकीत आदल्या दिवशी ठरलं होतं की यापुढे सावड फक्त आपल्यातल्यांची. कुणीतरी म्हणालं, गोऱ्या माणसांनी काळ्याच्या अंगणात राबायचं आणि त्याच्या टेबलावर बसून खायचं, हे जगाला काय दिसतं? लिंडली गप्प बसला. मला म्हणाला, "सगळेच गप्प बसले होते." तो फेब्रुवारीपासून त्यांच्यात आहे. मीही मे महिन्यात बायकांच्या गटात नाव घातलं. इथे सगळ्याच जातात, झेला. जी जात नाही तिच्याबद्दल चार दिवसांत गावभर काय काय पसरतं ते तुला शहरात बसून समजायचं नाही.

तुझी बाळंतपणाची अवस्था, म्हणून खोटं लिहिलं. निदान मी तसं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी लपून केक घेऊन गेले होते. काका म्हणाले, "पोटं भरलीत आमची, पोरी," आणि टोपली परत माझ्या हातात दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुपारी त्यांच्या कोठारातून काठीचा आवाज येतो. मी खिडकी लावून घेते.

मला टाकू नकोस.

आल्मेडा

*

लिक स्प्रिंग,
३० ऑगस्ट १९२३

प्रिय झेला,

काकांच्या दफनाच्या वेळी तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी कुंपणाच्या आमच्या बाजूला उभी होते. बाळ तुझ्या खांद्यावर झोपलं होतं, तेवढं दिसलं. फ्लॉसीकडून कळलं, काका कोठारातच पडले, काठी हातात होती, फार सोसावं लागलं नाही. हे ऐकून तुला थोडा तरी आधार मिळाला असेल असं समजते.

मी लिहितेय ते एक चांगलं सांगायला. तू गेल्यावर पुढच्या सोमवारी सगळी सावड तुमच्या शेतावर आली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, शेतकरी गेला की त्याचं उभं पीक शेजारी काढून देतात. लिंडलीनं बैठकीत विषय काढला आणि एकानंही नाही म्हटलं नाही. जे काही भिजून मोड आलेलं नव्हतं ते सगळं मळून झालं, पोती आमच्या कोठारात नीट ठेवली आहेत. आम्ही बायकांनी जेवण केलं. झाडाखाली घंगाळी मांडली, तुझ्या आईचीच ताटं काढली. वीसेक माणसं बसली. लिंडलीनं प्रार्थना म्हटली, हायरमचा पोरगा मध्येच उठून गेला आणि यंत्रामागे जाऊन रडला. मला वाटलं, काकांना हे किती आवडलं असतं.

शनिवारी मैदानावरच्या सभेत त्या पाद्रीबुवांनी हे सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, "एका वृद्ध काळ्या शेतकऱ्याचं पीक आमच्या बंधूंनी एक पै न घेता काढून दिलं. आता सांगा, आम्ही द्वेष शिकवतो म्हणणारे कुठे आहेत?" केवढ्या टाळ्या पडल्या! त्यांच्या साप्ताहिकातही छापणार आहेत. महिनाभरानं त्या रात्री मला झोप लागली.

जमिनीचं काय करायचं ते तू ठरव. लिंडली रास्त भावानं घ्यायला तयार आहे, म्हणजे ती परक्याकडे जाणार नाही. आणि तू मला पुन्हा पूर्वीसारखं लिहिशील ना?

तुझी,
आल्मेडा

*

इंडियानापोलिस,
९ सप्टेंबर १९२३

प्रिय आल्मे,

पोती फ्लॉसीकडे पोचती कर, वस्तीला हिवाळाभर पुरतील. जमीन विकायची नाही. फ्लॉसीचा भाऊ कसेल, आणि त्याला झेपलं नाही तर तिथे गवत वाढू दे.

तुझं पत्र सासूबाईंनी मागून घेतलं आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हे असं होतं बघ." आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी त्याच मैदानावर उभा राहील आणि सांगेल की झगेवाले मनाचे इतके मोठे होते, म्हाताऱ्या काळ्याचं पीक त्यांनी फुकट काढून दिलं. तुझी नातवंडं ऐकतील आणि त्यात एकही वाक्य खोटं नसेल. लिंडली चांगला होता, हायरम चांगला होता, सगळे चांगलेच होते. मला त्यांच्यात एक जरी राक्षस सापडला असता तरी माझं निभावलं असतं.

पूर्वीसारखं लिहिशील का म्हणतेस. लिहावंसं वाटतं ग, तेच तर दुःख आहे. व्हेस्टा परवा पहिल्यांदा हसली आणि माझ्या मनात आलं, आल्मेला कळवायला हवं. आई गेली तेव्हा तू माझ्या घरी राहिलीस, माझे केस विंचरलेस, मला बळेच भरवलंस. बाबा गेले तेव्हा कुणाच्या तरी गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, आणि तो गळा कुंपणापलीकडे होता. म्हणून पाहिलं नाही तुझ्याकडे. पाहिलं असतं तर मी आले असते.

हे माझं शेवटचं पत्र. रागानं लिहीत नाही, एवढं मात्र खरं मान.

बाबांना आवडलं असतं असं तू लिहिलंस. हो, आवडलं असतं. त्या गुरुवारी ते फाटक उघडून उभे होते ते त्यासाठीच. त्यांना तुमचं फुकटचं काम नको होतं, लिंडलीची प्रार्थना नको होती, त्या टाळ्या तर नकोच होत्या. ते जिवंत असताना, आल्मे, तुम्ही फक्त जेवायला यायचं होतं.

झेला